सर्व्हरची फडणिशी

दहावीचा निकाल दुपारी संकेतस्थळावर प्रसिद्ध होतो त्या दिवशी, किंवा पीककर्जाच्या हंगामात सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी सेवाकेंद्रांपुढे गर्दी लोटते त्या दिवसांत, साताऱ्यापासून सांगलीपर्यंत गावोगावी एकच वाक्य कानी पडते: ‘सर्व्हर डाऊन आहे.’ वस्तुतः अनेकदा तो सर्व्हर बंद पडलेला नसतो. तो आपल्या शक्तीच्या पराकाष्ठेने चालू असतो, आणि मर्यादित साधनांवर अमर्याद मागणी चालून आली असता कोणाला किती द्यावे, कोणाला थांबवावे व दिले-घेतले ते कोठे नोंदवावे, हा राज्यकारभारातील पुरातन प्रश्न त्याच्या पोटात क्षणोक्षणी सोडविला जात असतो. हा कारभार पाहणाऱ्या आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. सर्व्हरांच्या जगात ती बहुधा लिनक्स असते.

वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीस नाना फडणवीसांचा वाडा आजही उभा आहे, आणि त्यांचे दफ्तर इतिहाससंशोधकांस सुपरिचित आहे. पेशवाईतील फडणिसाचा अधिकार हिशेबातून उत्पन्न होई. कोणत्या महालाचा वसूल किती आणि कोणत्या पथकाचा खर्च किती, हे ज्याच्या दफ्तरी नोंदलेले असे, त्याच्या शब्दाला नेमणुका ठरविताना वजन येई. लिनक्सच्या अंतर्भागात, ज्याला कर्नेल म्हणतात तेथे, हाच क्रम पाळला जातो: हिशेब आधी, वाटप मागाहून.

प्रोसेसरचा एक गाभा एका क्षणी सर्वसाधारणतः एकच काम करतो. शेकडो कामे एकदम चालल्याचा जो भास होतो, तो काळाचे अतिसूक्ष्म तुकडे पाडून ते पाळीपाळीने वाटल्यामुळे. त्यासाठी यंत्रातील घड्याळ सेकंदातून शंभर ते हजार वेळा कर्नेलला हाक देते, आणि त्या प्रत्येक हाकेसरशी चालू कामाच्या नावे किती काळ खर्ची पडला हे तपासून त्याने जागा सोडावी की नाही याचा निर्णय होतो. इंगो मोल्नार या हंगेरियन आज्ञावलीकाराने 2007 साली जी पद्धत रूढ केली, तिचे तत्त्व मला अतिशय न्याय्य वाटते: प्रत्येक कामाला आजवर मिळालेला काळ, त्याच्या अग्रक्रमाचे वजन लावून, खात्यावर मांडावा, आणि ज्याच्या खात्यावर सर्वांत कमी पडले असेल त्याला पुढची पाळी द्यावी. 2023 मध्ये तिची जागा घेणाऱ्या नव्या पद्धतीत मुदतीचाही विचार होतो, परंतु थकलेले देणे मोजण्याची मूळ दृष्टी कायम आहे.

स्मृतीचे वाटप याहून कठीण. ती बहुधा चार किलोबाइटांच्या पानांनी दिली जाते, आणि मागितलेले सारे सहसा कोणी वापरीत नाही या अनुभवावर विसंबून कर्नेल जवळ असलेल्याहून अधिक देण्याचे वचन देते. सर्वच धनको एकदम दारी आले आणि एकही पान मोकळे होईना, तर बहुधा सर्वाधिक स्मृती अडवून बसलेले काम निवडून ते ठार केले जाते. निर्णय कठोर खरा; पण सारे यंत्र गोठण्यापेक्षा तोच बरा.

मात्र प्रत्येक कामाला सारखा वाटा देण्यात एक अन्याय दडलेला होता, कारण शंभर कामे सुरू करणाऱ्याला आपोआप शंभर वाटे मिळत. म्हणून गूगलमधील पॉल मेनाज व रोहित सेठ यांनी 2006 साली हिशेबाचे एकक बदलून कामांचे गट पाडण्याचा उपक्रम आरंभिला, आणि जानेवारी 2008 मध्ये ही गटव्यवस्था लिनक्समध्ये दाखल झाली. गटवार प्रोसेसर वाटण्याच्या कामात श्रीवत्स वड्डागिरी आणि गटवार स्मृती मोजण्याच्या कामात बलबीर सिंग या आयबीएमच्या भारतीय अभियंत्यांचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. आज ज्यांना कंटेनर म्हणतात ती सारी सृष्टी या पायावर उभी आहे.

परंतु या दफ्तरातील सर्वांत मोलाची नोंद मला खर्चाची वाटत नाही, ती प्रतीक्षेची वाटते. एखाद्या कामाने किती काळ उपभोगला हे ठाऊक असूनही ते का रखडले हे कळत नाही; म्हणून 2006 पासून लिनक्स प्रत्येक कामाला प्रोसेसरसाठी व डिस्कसाठी किती काळ तिष्ठावे लागले याचीही नोंद ठेवू शकते, आणि 2018 च्या अखेरीस, योहानेस वायनर यांच्या प्रयत्नाने, अवघ्या यंत्राचा असा खोळंबा दहा, साठ व तीनशे सेकंदांच्या सरासरीने दाखविण्याची सोय झाली.

सांगलीच्या विश्रामबागेतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात, ज्याची स्थापना 1947 सालची, विद्यार्थ्यांचे एक लिनक्स मंडळ आहे. अशा मंडळात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ‘टॉप’ ही आज्ञा दिली, की पडद्याच्या माथ्यावर एक, पाच व पंधरा मिनिटांच्या सरासरी भाराचे तीन आकडे उमटतात. समजा, चार गाभ्यांच्या यंत्रावर पहिला आकडा चाळीस आहे, आणि तरीही प्रोसेसर बराचसा रिकामा दिसतो. नवखा येथे गोंधळतो. परंतु लिनक्स या भारात डिस्कच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या कामांचीही गणना करते, हे ज्याला ठाऊक आहे, तो अधिक प्रोसेसर खरेदी करण्याचा प्रस्ताव बाजूस ठेवतो, खोळंब्याच्या नोंदीत डिस्कचा रकाना उघडतो, आणि निकालाच्या दुपारी कोणता गट सर्वांची वाट अडवून बसला आहे ते शोधू लागतो.