डावी की उजवी?



सातबाऱ्याचा कागद तुम्हांला नवा नाही. त्यावर "नदीकाठचे शेत" एवढेच लिहून भागते का? गट नंबर लागतो, क्षेत्र लागते, नाव लागते. एक आकडा चुकला की हेलपाटे सुरू! दुखण्याच्या कागदाचेही तसेच. फरक इतकाच, की इथली चूक जिवाशी येते.

असे पाहा. मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठी धमनी असते. ती मेंदूला रक्त पोचवते. विडी-तंबाखू, रक्तदाब, मधुमेह आणि वाढते वय यांमुळे तिच्यात चरबीचा थर साचतो. पाटात गाळ साचावा तशी वाट अरुंद होते. तिथून गुठळी सुटली, की ती मेंदूत जाऊन अडकते.

समजा, जाफराबाद तालुक्यातल्या एका गावी चहा घेताना आबांच्या उजव्या हातातून कपबशी निसटली, जीभ जड झाली. दहा मिनिटांत सारे पूर्ववत. आबा म्हणतात, "काही नाही सूनबाई, पित्त झालं असंल." पण मंडळी, हे पित्त नव्हे, हा इशारा आहे!

आता मेख इथे आहे. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. म्हणून उजवा हात लुळा पडला, तर दोष बहुधा डाव्या धमनीत शोधायचा. डोळ्याचे मात्र तसे नाही. डाव्या डोळ्यापुढे क्षणभर अंधारी आली, तर संशय डाव्याच धमनीचा. मग चिठ्ठीवर नुसते "उजवी बाजू" लिहिले, तर जालन्याच्या डॉक्टरांनी काय समजावे? हात, की धमनी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत प्रत्येक रोगाला क्रमांक आहे. तिच्या दहाव्या आवृत्तीत, मेंदूला इजा न होता मानेची धमनी अरुंद झाली वा बुजली, तर आय ६५.२, मेंदूला इजा झाली, तर आय ६३, आबांसारखा क्षणिक झटका, तर जी ४५. अमेरिकेत आय ६५.२ पुढे आणखी एक आकडा लावतात: उजवीला १, डावीला २, दोन्हींना ३. बाजू लिहिलीच नसेल, तर ९. क्रमांक लावणारा रोग्याला पाहत नाही. लिहिलेले तेवढेच वाचतो.

म्हणून डॉक्टरांच्या टिपणात तीन गोष्टी हव्यात: धमनी कोणती, ती किती टक्के अरुंद, आणि लक्षणे कोणती व केव्हा झाली. लक्षणे होऊन गेली आहेत आणि धमनी ७० टक्के किंवा अधिक अरुंद आहे, अशा रोग्याला शस्त्रक्रियेचा लाभ मोठा असतो. तोही पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक. सरकारी योजनेची मंजुरीही कागद पाहूनच मिळते.

गुरुजी, इथे तुमचे काम आहे. आधी १०८ ला फोन करा. गाडी येईतो चिठ्ठी लिहा: कोणता हात, कोणता डोळा, बोलणे अडखळले का, घड्याळात किती वाजले होते, त्याआधी माणूस धड केव्हा दिसला होता, रोजची औषधे कोणती. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून वेळ लिहायला विसरू नका. पण चिठ्ठीपायी गाडी मात्र थांबवू नका.

आणि परत आल्यावर तपासणीचे कागद सातबाऱ्याच्याच पिशवीत जपून ठेवा. पुढच्या खेपेला डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतील.