आडोसा देणारी, कमावणारी भिंत

परवा लेकीने मोरीतली बादली भरून खोलीच्या मधोमध आणून ठेवली. पाण्याच्या बाटलीचा तळ कापला, झाकणाला भोक पाडलं आणि बाटली पाण्यात वर-खाली करत म्हणाली, ‘‘आई, उदबत्ती धर ना भोकाजवळ.’’ बाटली खाली गेली की धूर बाहेर फेकला जाई, वर आली की आत ओढला जाई. ‘‘झालं लाटांचं वीजघर!’’

वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची खोली १६० चौरस फुटांची. त्यात हा प्रयोग! तिला चेन्नईला जाऊन समुद्राचं इंजिनीअरिंग शिकायचंय. मी म्हटलं होतं, ‘‘कम्प्युटर घे गं बाई, लाटांवर कुणाची चूल पेटलीय?’’ त्यावरचं हे उत्तर.

समुद्रात बाटली नाही, पाणी हलतं. बंधाऱ्याच्या भिंतीतच काँक्रीटची पोकळ खोली ठेवतात, तिचं तोंड पाण्याखाली. लाट आली की आतलं पाणी चढतं, वरच्या भोकातून हवा बाहेर; ओसरली की हवा परत आत. त्या वाटेवर टर्बाइन. बेलफास्टच्या प्रा. अ‍ॅलन वेल्स यांची करामत अशी, की हवा कुठूनही येवो, ते एकाच दिशेने फिरतं. म्हटलं, आपल्यासारखंच की! वारं सासरचं असो नाहीतर माहेरचं, आपलं फिरणं चालूच.

केरळात विळिंजमच्या मासेमारी बंदराजवळ आयआयटी मद्रासच्या मंडळींनी १९९१ साली असं १५० किलोवॉटचं केंद्र सुरू केलं. पावसाळ्यात वीज बरी मिळे, एरवी बेताची. आता ते बंद आहे. स्पेनमधल्या मुत्रिकू गावी मात्र २०११ मध्ये थेट बंधाऱ्यातच १६ टर्बाइन्स बसवली, मिळून २९६ किलोवॉटची.

‘‘म्हणजे आपल्याकडे चार महिन्यांचीच कमाई?’’ मी विचारलं.

‘‘म्हणून तर नुसतं वीजघर परवडत नाही. पण बंधारा बांधायचाच असेल, तर भिंतीचा खर्च दोघांत वाटला जातो.’’

‘‘आणि कोळ्यांच्या होड्या?’’

‘‘बंधारा मुळात त्यांच्या आडोशासाठीच ना! आधी ते काम, मग वीज.’’

मला एकदम आई आठवली. १९८२ च्या संपात वडिलांची गिरणी बंद पडली, तेव्हा तिने याच खोलीत पापड लाटले. सकाळी स्वयंपाकघर, दुपारी कारखाना, रात्री सात माणसांचं अंथरूण. खोली होतीच, आईने तिच्याकडून आणखी एक काम करून घेतलं, एवढंच. त्या पापडांवर आमच्या शाळेच्या फिया भरल्या गेल्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमचा नंबर यायचाय. फर्निचरसाठी थोडे पैसे बाजूला टाकले होते. रात्री यांच्याशी बोलले. सकाळी ते पाकीट लेकीच्या हातात दिलं. काही दिवस जमिनीवर बसून जेवू. नाहीतरी सवय आहेच.

संध्याकाळी दोघी सीफेसला गेलो. लाट भिंतीवर आदळली, तुषार अंगावर आले. एरवी मी पदर सावरत मागे सरते. त्या दिवशी तिथेच उभी राहिले. मनात आलं, एवढा जोर, रोजचा, आणि फुकट चाललाय!