परसातील द्राक्षवेल : पाने भरपूर, पण घड का लागत नाहीत?

औंध, आटपाडी, कुंडल या जुन्या औंध संस्थानातील गावांचा पट्टा आज सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विभागलेला आहे. पाऊस कमी आणि ऊन भरपूर असल्याने येथील हवामान द्राक्षाला मानवते. कुंडल, पलूस, तासगाव भागात तर व्यापारी बागा मोठ्या प्रमाणावर आहेत. त्यामुळे घराच्या अंगणात किंवा परसात एखादी वेल लावण्याची हौस अनेकांना असते. वेल जोमाने वाढते, दोन वर्षांत मांडव भरतो, सावली मिळते. पण घड लागत नाहीत. मग खत वाढवले जाते, पाणी वाढवले जाते आणि वेल आणखी पानांवर जाते. बहुतेक वेळा अडचण खताची नसून चुकलेल्या छाटणीची असते.

दोन छाटण्यांची गरज

थंड देशांत हिवाळ्यात वेलीची पाने गळतात आणि ती विश्रांती घेते. तेथे वर्षातून एकच छाटणी पुरते. आपल्याकडे वेल वर्षभर हिरवी राहते, म्हणून छाटणी करून तिला वळण द्यावे लागते. एप्रिलमधील खरड छाटणीतून नवीन काडी तयार होते. ऑक्टोबरमधील फळ छाटणीनंतर त्याच काडीवर घड बाहेर पडतात.

ऑक्टोबरमध्ये दिसणारा घड मात्र मे-जूनमध्येच काडीच्या डोळ्यात तयार झालेला असतो. खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांच्या काळात डोळ्यात घड तयार होणार की नुसता बाळीसारखा तणावा, हे ठरते. या काळात काडीवर भरपूर ऊन पडणे आवश्यक असते. दाट सावली, जादा नत्र, जादा पाणी किंवा ढगाळ हवा असेल तर डोळे वांझ राहतात. अशा काडीवर ऑक्टोबरमध्ये कितीही काळजीपूर्वक छाटणी केली तरी घड येत नाहीत.

जागा आणि लागवड

दिवसातून किमान 6 ते 8 तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. आंबा, चिंच अशा मोठ्या झाडांची सावली टाळावी. सुमारे अडीच फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन चांगले कुजलेले शेणखत व माती मिसळून भरावा. जमीन चुनखडीयुक्त किंवा विहिरीचे पाणी खारवट असेल तर डॉगरिज खुंटावर कलम केलेले रोप घ्यावे. रोप खात्रीच्या रोपवाटिकेतूनच आणावे.

एका वेलीला 10 बाय 10 फुटांचा, साधारण 7 फूट उंचीचा मांडव पुरतो. पहिल्या वर्षी एकच सरळ खोड वर न्यावे, मांडवाखाली शेंडा मारून दोन ओलांडे तयार करावेत. या वर्षी फळाची घाई करू नये.

जातीची निवड

तासगाव तालुक्यातील बोरगावचे बागायतदार वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेली तास-ए-गणेश ही जात या भागात परिचित आहे. मात्र अशा बिनबियांच्या जातींत बाजारातल्यासारखे लांब, टपोरे मणी येण्यासाठी संजीवकांचा वापर करावा लागतो. परसात ते न वापरता मणी लहान राहतात, पण गोडी चांगली येते. फवारणी कमी करायची असेल तर बंगलोर ब्ल्यू किंवा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची एआरआय-516 या रोगांना तुलनेने सहनशील जातींचा विचार करावा. दोन्ही जातींच्या द्राक्षांचा रस चांगला होतो.

वर्षाचे कामकाज

- एप्रिल (पहिला पंधरवडा) : ओलांड्यावर एक-दोन डोळे राखून सर्व काड्या छाटाव्यात. उशीर केल्यास डोळे तयार होण्याचा काळ पावसाळी ढगांत सापडतो.
- मे-जून : फुटींची विरळणी करून दाटी कमी करावी. फुटीला 9-10 पाने आली की 7 पानांवर शेंडा मारावा. पुढे येणारी फूट म्हणजे सबकेन. या काळात युरिया देऊ नये, पाणी बेताचेच द्यावे.
- जुलै-सप्टेंबर : शेंडे मारत राहावे. काडी तपकिरी होऊन पक्व झाली पाहिजे.
- ऑक्टोबर मध्य ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा : परतीचा पाऊस गेल्यावर फळ छाटणी करावी. त्याआधी आठ-दहा दिवस पाने हाताने काढावीत. थॉमसन गटातील जातींत सबकेनच्या गाठीपुढे एक-दोन डोळे, तर सरळ काडीवर 6 ते 8 डोळे राखावेत. बंगलोर ब्ल्यूची छाटणी आखूड करावी.
- डिसेंबर-जानेवारी : 10 बाय 10 फुटांच्या मांडवावर 30 ते 40 घडच ठेवावेत. प्रत्येक घडाला 12 ते 15 निरोगी पाने हवीत.
- फेब्रुवारी-मार्च : काढणी. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, म्हणून चव घेऊनच तोडावे. पक्ष्यांपासून संरक्षणासाठी जाळी लावावी.

व्यापारी बागेत डोळे एकसारखे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते विषारी आहे. लहान मुले व जनावरे वावरणाऱ्या अंगणात वापरू नये. डोळे थोडे मागे-पुढे फुटले तरी घरच्या वापराला अडचण येत नाही.

रोगांकडे दुर्लक्ष नको

पानावर तेलकट डाग व खालून पांढरी बुरशी म्हणजे केवडा. राख पसरल्यासारखे दिसले तर भुरी. रोगट पाने व छाटलेल्या काड्या अंगणात साठवू नयेत. छाटणीनंतर डोळे फुटण्यापूर्वी 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारावे : 10 लिटर पाण्यासाठी 100 ग्रॅम मोरचूद व 100 ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करावेत. मिश्रणात स्वच्छ लोखंडी खिळा धरल्यावर त्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. फवारताना पिण्याचे पाणी व चारा झाकून ठेवावा.

छाटणीविना सोडलेली, रोगट वेल ही केवळ घरापुरती बाब नाही. तिच्यावर टिकलेला केवडा वारा-पावसाबरोबर शेजारच्या बागेत जाऊ शकतो, आणि तिथे एका कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न घडांवर अवलंबून असते. म्हणून गावात फिरताना कृषी सहायकांनी अंगणातील वेलींकडेही पाहावे. वेल सावलीसाठीच ठेवायची असली तरी तिची दोन वेळा छाटणी करावी, अन्यथा ती काढून टाकावी. घड खायचे असतील तर एप्रिलची छाटणी चुकवू नये.