परदेशस्थ अमेरिकन नागरिकांची करआकारणी

परदेशांत राहणाऱ्या आपल्या नागरिकांच्या जागतिक उत्पन्नावर अमेरिकेची संयुक्त संस्थाने जो प्राप्तिकर आकारतात, त्याची पद्धती. बहुतेक देश निवास हा करदायित्वाचा आधार मानतात. संयुक्त संस्थानांनी मात्र नागरिकत्व हा आधार मानला आहे. एरिट्रिया हा देशही आपल्या परदेशस्थ नागरिकांकडून २ टक्के कर घेतो.

या पद्धतीचा उगम यादवी युद्धकाळातील (१८६१–६५) प्राप्तिकराच्या कायद्यांत आढळतो. मेक्सिकोत स्थायिक झालेल्या कुक या नागरिकाने तिला आव्हान दिले असता, सर्वोच्च न्यायालयाने १९२४ साली ती वैध ठरविली. नागरिक कोठेही असला, तरी त्याला शासनाचे संरक्षण लाभते, हे त्यामागील तत्त्व होय.

एकाच उत्पन्नावर दोनदा कर पडू नये म्हणून दोन सवलती आहेत. परदेशी भरलेल्या प्राप्तिकराची वजावट १९१८ पासून मिळते. परदेशात श्रमाने मिळविलेले उत्पन्न ठराविक मर्यादेपर्यंत वगळण्याची तरतूद १९२६ मध्ये झाली. २०२५ या करवर्षासाठी ही मर्यादा १,३०,००० डॉलर आहे. त्यासाठी परदेशातील अधिकृत निवास सिद्ध करावा लागतो, किंवा सलग बारा महिन्यांपैकी किमान ३३० पूर्ण दिवस परदेशात असावे लागते. व्याज, लाभांश, भाडे व निवृत्तिवेतन यांना ही सवलत नाही. देय कर शून्य असला, तरी उत्पन्न विहित मर्यादेपेक्षा अधिक असल्यास विवरणपत्र भरावेच लागते.

दैनंदिन व्यवहारांतील अडचणी प्रामुख्याने बँकांशी निगडित आहेत. परदेशी खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात केव्हाही १०,००० डॉलरहून अधिक झाल्यास स्वतंत्र माहितीपत्रक द्यावे लागते. ते अनवधानाने राहिल्यास होणारा दंड खात्यागणिक नव्हे, तर माहितीपत्रकागणिक मोजावा, असा निर्णय २०२३ मध्ये झाला. २०१० च्या कायद्याने परदेशी वित्तसंस्थांवर अमेरिकन खातेदारांची माहिती देण्याचे बंधन आले. तसे न केल्यास त्यांना अमेरिकेतून मिळणाऱ्या विशिष्ट रकमांतून ३० टक्के कपात होते. परिणामी यूरोपातील काही बँकांनी अशा ग्राहकांची खाती बंद केली. भारताने यासंबंधीचा करार २०१५ मध्ये केला.

अमेरिकेत जन्मलेल्या व्यक्तीला सामान्यतः जन्मानेच नागरिकत्व मिळते. त्यामुळे आईवडिलांबरोबर बालपणीच महाराष्ट्रात परतलेल्या व्यक्तीलाही हे नियम लागू होतात. अनेकांना त्याची कल्पना नसते. उदा., वारशाने आलेली शेती खंडाने दिल्यास तिचे उत्पन्न भारतात प्राप्तिकरमुक्त असते, पण अमेरिकेत ते हिशेबात धरले जाते; भारतात कर भरलेलाच नसल्याने वजावट मिळत नाही. भारतीय म्युच्युअल फंडांतील गुंतवणुकीलाही १९८६ पासूनचे कडक नियम लागतात.

नागरिकत्वाचा त्याग करून या दायित्वातून मुक्त होता येते. परंतु मागील पाच वर्षांची करविषयक पूर्तता झाल्याचे प्रमाणित न केल्यास, किंवा निव्वळ संपत्ती २० लाख डॉलर वा अधिक असल्यास, २००८ पासून सामान्यतः निर्गमन कराच्या तरतुदी लागू होतात.