पिल्लाला जामीनदार कोण?

माझा पुतण्या भोरकडे थोडी जमीन घेऊन राहतो. दारात दोन घोड्या. त्यांतली एक त्यानं सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून आणलेली. सहा वर्षांची मुलगी सारा दिवस त्यांच्याच अवतीभवती असते. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्याचा फोन आला, ‘‘काका, घराला एक कुत्रं हवंय. कुठल्या जातीचं घेऊ?’’ पाठोपाठ मोबाइलवर तीन फोटो. निळ्या डोळ्यांचा हस्की, आखूड पायांचा कॉर्गी आणि ठिपक्यांचा डाल्मेशियन.

मी बत्तीस वर्षं बँकेत काढली. माणसाचा सदरा बघून कर्ज देऊ नये, एवढं त्या नोकरीनं शिकवलं. कुत्र्याच्या बाबतीत मात्र मी ते एकदा विसरलो, आणि त्याची किंमत याच पुतण्यानं मोजली.

गोष्ट १९९६ सालची. मी तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. गावी थोरल्या भावाकडे वडिलांपासूनच्या हौसेची एक घोडी होती. मी मोठ्या कौतुकानं मुधोळहून कारवानी जातीचं पिल्लू आणून त्याला दिलं. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही जात. २००५ साली टपाल खात्यानं तिच्यावर तिकीटही काढलं. लांब तोंड, पाठीला लागलेलं पोट, आणि धावणं असं की बघत राहावं. घरात तर इतका गुणी, की वहिनी भाकरी थापत असताना चुलीपासून चार हात लांब मुकाट बसायचा.

वर्षभर काही झालं नाही. एका संध्याकाळी नऊ वर्षांचा पुतण्या घोडीवर बसला होता. दुडक्या चालीची घोडी माळावर येताच भरधाव सुटली, आणि ओट्यावर पेंगत असलेला तो कुत्रा बाणासारखा निघाला. चावायला नव्हे. समोर काहीतरी पळतंय, एवढंच त्याला दिसलं. कारवानी नजरेनं शिकार करतो. पळत्या सशामागे सुटावं म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या माणसानं त्याला निवडलं. घोडी बिचकली, वळली, पोरगं दगडावर आपटलं. उजवा कोपर मोडला. तो हात आजही पुरता सरळ होत नाही.

कुत्र्याला आठवड्याभरात लांबच्या नातेवाइकांकडे धाडलं. सगळ्यांनी त्यालाच बोल लावला. मला कुणी काही म्हणालं नाही, आणि तेच अजून टोचतं.

म्हणून या वेळी मी पुतण्याला म्हटलं, फोटो ठेव बाजूला. पळतं जनावर दिसल्यावर काय करावं म्हणून माणसानं ही जात घडवली, तेवढं बघ. हस्की बर्फात गाड्या ओढणारा. भोरच्या एप्रिलमध्ये त्याचे हाल कुत्रा खाणार नाही! कॉर्गी खेळण्यासारखा दिसतो, पण वेल्समध्ये गुरांच्या टाचांना चावे घेत ती हाकणं हे त्याचं काम. बुटका असल्यामुळे गाईची लाथ त्याच्या डोक्यावरून जाते म्हणे. घोड्याची जाईलच, याचा भरवसा कोण देणार? घोड्याला ऐन पाठीमागचं दिसत नाही. तिथं काही वळवळलं की आधी लाथ, मग चौकशी.

कोलीच्या वंशातल्या कुत्र्यांबाबत आणखी एक गोम आहे. घोड्यांना जंतांवर आयव्हरमेक्टिनची पेस्ट देतात. सांडलेली पेस्ट चाटून किंवा ताजी लीद खाऊन ती पोटात गेली, तर या वंशातल्या अनेक कुत्र्यांच्या जिवावर बेतू शकते. आणि पागेतलं कुत्रं लीद खाणारच. वाचकांनी नाक मुरडून उपयोग नाही.

डाल्मेशियन मात्र खरा घोड्यांचा सोबती. इंग्लंडात एके काळी तो बग्ग्यांच्या बरोबरीनं मैलोन्‌मैल धावत असे. पण तेवढी दौड आज त्याला रोज कोण घडवणार? शिवाय या जातीत काही पिल्लं जन्मतः बहिरी निघतात. मागून येणारी टाप ज्याला ऐकू येत नाही, ते कुत्रं पागेत ठेवणं म्हणजे बुडीत कर्जच. लॅब्रॅडॉर चालला असता. मायाळू, शिकवलेलं ऐकणारा. फक्त घोड्याच्या चंदीवर डल्ला मारून फुगतो.

मग मला धनगर आठवले. दिवाळीनंतर देशावरचे मेंढपाळ कोकणाच्या वाटेला लागतात. घोड्यावर सारं बिऱ्हाड: भांडी, वाकळा, मेंढरं कोंडायची वाघर, वर एखादं कोकरू, कोंबड्या, कधी तान्हं पोरसुद्धा. आणि घोड्याच्या पायाशी कुत्री. आम्ही काका-पुतणे नीरेकाठी एका तळावर गेलो. पुतण्यानं जात विचारली तशी तिथली म्हातारी हसली. ‘‘जात काय इचारता? आई बघा की पिल्लाची.’’

आई घोड्यापासून दोन हातांवर पडली होती. घोड्यानं कूस बदलली तशी तीही उठली, मान वर न करता पुढून वळसा घालून पलीकडे जाऊन पडली. अर्धा तास आम्ही तेवढंच बघत होतो. कर्जदाराला जामीनदार लागतो. पिल्लाची जामीनदार त्याची आई. हा जामीनदार मी १९९६ साली बघितलाच नव्हता.

खोट नाही असं नाही. राखणीचं कुत्रं परक्यावर भुंकणार, ‘बस’ म्हटल्यावर बसेलच असं नाही. पाहुण्यांची वर्दळ असलेल्या घरानं ते घेऊ नये. शहरातल्या फ्लॅटनं तर नाहीच नाही. पुतण्याचं घर आडबाजूला. दोन महिन्यांचं पिल्लू आलं, वेळच्या वेळी रेबीजची लस झाली. मी दोनच अटी घातल्या. घोड्यांजवळ ते दाव्याशिवाय न्यायचं नाही, आणि पोरगी, घोडी नि पिल्लू या तिघांना मोठ्या माणसावाचून एकत्र सोडायचं नाही.

गेल्या रविवारी जाऊन आलो. सूनबाई सारंगखेड्याच्या घोडीला खरारा करत होत्या. समोर, घोडीला दिसेल अशा बेतानं पिल्लू उभं. घोडीनं मान खाली घालून फुर्रर्र केलं. पिल्लानं क्षणभर बघितलं, मग तोंड फिरवून खाली बसलं आणि पंजा चाटायला लागलं. दावं पुतण्याच्या हातात होतं, त्या न वळणाऱ्या उजव्या हातात.

‘‘बाबा, आता सोडूया का त्याला?’’ पोरीनं विचारलं.

‘‘पावसाळा जाऊ दे,’’ तो म्हणाला आणि दाव्याचा आणखी एक वेढा त्यानं मनगटाला घेतला.