‘बरं चाललंय’ म्हणजे काय? शिरूर-दौंडच्या घरांचा हिशेब

गावात गेल्यावर बोलण्याची सुरुवात आपण सगळेच एका प्रश्नाने करतो : ‘काय, कसं काय?’ उत्तरही ठरलेले असते : ‘बरं चाललंय.’ पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत हिंडताना हे उत्तर मी इतक्या उंबऱ्यांवर ऐकले की, त्यात नेमके काय भरलेले असते ते पाहावेसे वाटू लागले. मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. जुने अहवाल वाचणे, गावात जाऊन बसणे आणि वहीत टिपून ठेवणे, एवढीच माझी साधने. तेव्हा हा लेख म्हणजे अंतिम निष्कर्ष नव्हे, एका चौकशीची हकिगत आहे.

नगर रस्त्याने निघालेल्या प्रवाशाला शिरूर तालुका श्रीमंत दिसतो. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव असे करत कारखान्यांची रांग संपत नाही. सोलापूर रस्त्याने जाणाऱ्याला यवतपासून पाटसपर्यंत ऊस, गुऱ्हाळे आणि दुमजली बंगले दिसतात. हे दिसणे खोटे नाही. पण रस्ता सोडून बारा-पंधरा किलोमीटर आत वळले की चित्र बदलते. शिरूरच्या पश्चिमेला पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईचा माळ लागतो. दौंडच्या दक्षिणेला रोटी, कुसेगाव, पडवीकडची जिरायत लागते. तालुका तोच, तहसील कचेरीही तीच. उन्हाळ्यात मात्र एकीकडे उसाला पाटाचे पाणी आणि दुसरीकडे माणसांना टँकर.

वही घेऊन आलेला साहेब

‘लोकांचे खरोखर बरे चालले आहे का?’ हा प्रश्न याच भागात शंभर वर्षांपूर्वी एकाने फार शिस्तीने विचारला होता. डॉ. हॅरल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य. पुढे ते मुंबई इलाख्याचे शेतीसंचालक झाले. त्यांनी सहकाऱ्यांसह दख्खनमधील दोन खेड्यांची घरोघर पाहणी केली. पहिले खेडे पुण्याजवळचे पिंपळे सौदागर. त्याचा अहवाल १९१७ साली निघाला. दुसरे खेडे शिरूर तालुक्यातले जातेगाव बुद्रुक, न. वि. कानिटकर यांच्यासह लिहिलेला तो अहवाल १९२१ साली प्रसिद्ध झाला. जातेगाव निवडण्याचे कारण असे की ते शहरापासून दूर, संपूर्ण पावसावर अवलंबून असलेले कोरडवाहू गाव होते.

पिंपळे सौदागरच्या अहवालातील एक आकडेमाला प्रसिद्ध आहे. तिथे सरासरी जमीनधारणा १७७१ साली ४० एकर होती, १८१८ साली साडेसतरा एकर उरली आणि १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. पण मला त्याहून मोलाची वाटते ती मॅनसाहेबांची वाटणीची रीत. गावाचे एकूण उत्पन्न भागिले घरे, असे त्यांनी केले नाही. प्रत्येक कुटुंबाला त्याच्या स्वतःच्या राहणीप्रमाणे, म्हणजे शेजारीपाजारी ज्याला साधे जगणे समजतात त्याप्रमाणे, वर्षाला किती लागते ते मांडले. समोर शेतीचे उत्पन्न ठेवले, बाहेरची मजुरी ठेवली, कर्जाचे व्याज वजा केले. मग घरांचे तीन ढीग केले. पहिल्या ढिगात नुसत्या शेतीवर भागणारी घरे. दुसऱ्यात शेतीला बाहेरच्या कमाईची जोड दिली तरच भागणारी. तिसऱ्यात दोन्ही मिळूनही न भागणारी.

पिंपळे सौदागरच्या १०३ कुटुंबांपैकी पहिल्या ढिगात ८, दुसऱ्यात २८ आणि तिसऱ्यात ६७ कुटुंबे निघाली. म्हणजे पुण्या-खडकीची मजुरी हाताशी असूनही शंभरातली ६५ घरे तुटीत होती. जातेगावात हेच प्रमाण सुमारे ८५ टक्के निघाले. लक्षात घ्या, हा हिशेब दुष्काळी सालाचा नव्हता, साधारण सालाचा होता.

आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे आणि तिथे उंच इमारती उभ्या आहेत. जातेगावच्या जवळपास शिक्रापूर-सणसवाडीचे कारखाने आले आहेत. त्यामुळे कुणी म्हणेल, प्रश्न सुटला. मला वाटते, प्रश्न सुटला की नाही हे आपण नीट विचारलेलेच नाही. ते तीन ढीग पुन्हा कुणी घालून पाहिले आहेत?

सरासरीच्या पोटात

महाराष्ट्रात प्रादेशिक विषमतेची चर्चा झाली, पण ती मुख्यतः विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समिती १९८३ साली नेमली गेली. तिने राज्याची सरासरी मोजपट्टी धरून जिल्ह्याजिल्ह्यांचा अनुशेष काढला, आणि ‘अनुशेष’ हा शब्द आपल्या राजकारणात कायमचा रुजला. ते काम गरजेचेच होते. विदर्भ-मराठवाड्याचे दुखणे खरे आहे आणि या लेखाचा हेतू ते कमी लेखण्याचा मुळीच नाही. पण त्या मोजणीत पुणे जिल्हा नेहमीच वरच्या पंक्तीला बसतो. राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालातही तो सर्वांत वरच्या गटात आहे. मुळशीचे पाणी, हिंजवडीचे पगार आणि कुसेगावची बाजरी एकाच बेरजेत पडल्यावर दुसरे काय होणार?

ही अडचण डॉ. विजय केळकर समितीने ओळखली. २०११ साली नेमलेल्या आणि २०१३ साली अहवाल दिलेल्या या समितीने जिल्ह्याऐवजी तालुका हा एकक धरावा असे सुचवले. पाऊल योग्य दिशेचे होते. पण शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांत तेही अपुरे पडते. २०११ च्या जनगणनेत या दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी ३ लाख ८० हजारांच्या घरात होती. एवढ्या माणसांत नदीकाठचा बागायतदार आहे, कारखान्याला जमीन दिलेला गुंठामंत्री आहे, ठेकेदाराकडचा कामगार आहे आणि ऊस तोडायला दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले कोयत्याचे जोडपेही आहे. कोयत्याचे जोडपे तर इथल्या मोजणीत येतच नाही. त्याची गरिबी त्याच्या गावाच्या नावावर पडते आणि त्याने तोडलेला ऊस इथल्या.

पाण्याचे शीर आणि शेपूट

या भागातील समृद्धी दोन वाटांनी आली : कालवा आणि कारखाना. आधी कालवा पाहू.

दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. सह्याद्रीच्या माथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, तर इथे वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे शेती कुणाची चांगली, याचे उत्तर बहुतेक वेळा धरणाने दिलेले असते. दौंडला खडकवासल्याच्या मुठा कालव्याचे पाणी आणि भीमेचा काठ. शिरूरला चिंचणीच्या घोड धरणाचे, चासकमानचे आणि नद्यांवरच्या बंधाऱ्यांचे पाणी. या पाण्यावर ऊस आला, उसावर पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा हे सहकारी कारखाने उभे राहिले. एका पिढीने त्यांच्या जिवावर मुले शिकवली. अलीकडे काही हंगाम या दोन्ही कारखान्यांची धुराडी थंड राहिली, तेव्हा बागायती घराचाही पाया किती दुसऱ्याच्या हातात असतो ते कळले.

कालव्याला शीर असते आणि शेपूट असते. शिराकडच्याला पाळी चुकत नाही. शेपटाकडचा आवर्तनाची वाट पाहतो. आता या शिराच्याही वर एक मोठा भागीदार बसला आहे, तो म्हणजे पुणे शहर. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची साठवण सुमारे २९ टीएमसी. शहर वाढते तसा त्यातला शेतीचा वाटा आक्रसतो. शहराने वापरलेले पाणी शुद्ध करून मुंढव्याहून जुन्या कालव्यात सोडायचे, अशी ६.५ टीएमसीची योजना झाली. शहराचा वापर आणि दौंडचे शिवार यांचे नाते त्या एका योजनेत दिसते.

आणि ज्यांच्या शिवारात पाट पोहोचलाच नाही त्यांचे काय? दौंडच्या दक्षिणेकडे जनाई-शिरसाईसारखी उपसा योजना आहे. पण उपशाचे पाणी विजेवर चढते; त्याचा खर्च उताराने येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त. सर्वांत गरीब शिवाराला सर्वांत महाग पाणी, असा हा उफराटा न्याय आहे.

कारखान्याचा पगार

दुसरी वाट कारखान्याची. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींनी हजारो हातांना काम दिले, हे मान्य केलेच पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्यांची नातवंडे आज यंत्रावर काम करतात. पण कारखान्यालाही शीर आणि शेपूट आहे. कायम कामगार, ठेकेदाराचा कामगार आणि शिकाऊ म्हणून घेतलेला मुलगा हे एकाच छपराखाली, पुष्कळदा शेजारशेजारच्या यंत्रांवर असतात. घरी नेतात ती रक्कम वेगळी, आणि उद्या काम असेल याची खात्रीही वेगळी. रस्त्याकाठी जमीन असणाऱ्याला खोल्यांचे भाडे, टँकर, गाड्यांचा ठेका असे चार मार्ग खुले झाले. भूमिहीनाला एकच मार्ग उरला : ठेकेदाराच्या गाडीत बसणे.

दक्षिण दौंडमधील एका घरी घडलेले बोलणे सांगतो. ओट्यावर साठीच्या मावशी शेंगा निवडत होत्या.

‘मावशी, कसं चाललंय?’

‘बरं चाललंय की दादा.’

मग आम्ही मॅनसाहेबांच्या रीतीने हिशेब मांडत बसलो. बाजरी निम्म्या वर्षाची होते. उरलेले रेशनवर. दोन शेळ्या आहेत. सून कांदालागणीला आणि खुरपणीला जाते. मुलगा कुरकुंभला, ठेकेदाराकडे. मोटारसायकलचा हप्ता आहे. ती नसेल तर कामावर जायचे कसे? बचत गटाचा हप्ता आहे, तो नातीच्या दवाखान्याचा. सगळे मांडून झाल्यावर महिन्याची तोंडमिळवणी होत होती, जेमतेम. मी विचारले, ‘आणि मुलाचं काम सुटलं तर?’ मावशींचा हात थांबला. ‘त्ये तवाचं तवा बघू,’ म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा निवडू लागल्या.

हे घर मॅनसाहेबांच्या दुसऱ्या ढिगातले. माझ्या पाहण्यात आलेली बहुतेक घरे याच ढिगातली होती.

कर्ड्याची आठवण

घरात आलेल्या वस्तूंवरून सुबत्ता ठरवण्यात एक धोका आहे, आणि तो इतिहासाने याच मातीत दाखवला आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात इथल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिले. वरून पाहणाऱ्याला रयत सुखी वाटली. युद्ध संपले, भाव कोसळले, पाठोपाठ सारावाढ आली. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे गावात सावकाराने कर्जदाराविरुद्ध हुकूमनामा मिळवला, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुप्यात उठाव झाला आणि कर्जखते जाळली गेली. सरकारला आयोग नेमावा लागला, १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. भरभराटीच्या काळात कुणी घराघराची वही उघडून पाहिली असती, तर तेव्हाच्या ‘बरं चाललंय’मध्ये कर्ज किती हे आधीच कळले असते.

मग उत्तर काय?

प्रामाणिक उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. पहिला भाग : १९२१ पेक्षा लोकांचे निश्चितच बरे आहे. उपासमारीने माणसे मरत नाहीत. मुली शाळेत जातात. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबीच्या मोजणीत महाराष्ट्राचे प्रमाण २०१५-१६ मधील १४.८ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७.८ टक्क्यांवर आले. ही घट लहान नाही, आणि तिला नाक मुरडणे हा गरिबांचाच अपमान ठरेल.

दुसरा भाग : ‘गरीब नाही’ आणि ‘बरे आहे’ यांत मोठे अंतर आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली सवलतीच्या धान्यासाठी ग्रामीण कुटुंबाची उत्पन्नमर्यादा राज्याने वर्षाला ४४ हजार रुपये ठेवली. पाच माणसांच्या घरात ती माणशी दिवसाला २४ रुपये होते. या रेषेच्या वर असलेले घर सरकारी कागदावर चिंतेचे उरत नाही. पण मावशींचे घर त्या रेषेपासून नव्हे, एका ठेकेदाराच्या हाकेपासून मोजायला हवे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. मॅन-कानिटकरांची रीत अवघड नाही. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. गावातला शिक्षक, अंगणवाडीताई आणि महाविद्यालयात जाणारी चार मुले एका उन्हाळ्यात गावाचे तीन ढीग घालू शकतात. त्यात आजच्या काळाचे दोन रकाने वाढवावेत : घरातील कमाई किती जणांच्या कामावर उभी आहे, आणि त्यातले एक काम सुटले तर घर किती महिने तग धरेल. ग्रामसभेत ती यादी नावे न घेता वाचावी. निधी कुठल्या वाडीला, पाण्याची पाळी कुणाला, प्रशिक्षण कुठल्या मुलांना, हे ठरवताना ती समोर ठेवावी.

सुरुवात जातेगाव बुद्रुकपासून करता येईल. तिथली जुनी वही छापलेली आहे. तिच्याशेजारी ठेवायला नवी वही तेवढी लिहायची आहे. पुढच्या उन्हाळ्यात मी तिथे जाणार आहे. कुणाला बरोबर यायचे असेल तर यावे; मोजायला उंबरे पुष्कळ आहेत.