ठिपक्यांची पाटी आणि आपले डोळे

रहिमतपूरच्या बाजारपेठेत दिवेलागणीला दुकानांवरच्या लाल पाट्या सरकू लागतात. रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या साठीच्या गृहस्थांना ‘भात’ लिहिलंय की ‘मात’, ते कळत नाही. अक्षरं जरा ठळक करा, असं दुकानदाराला सांगावंसं वाटतं. पण ठिपक्यांच्या अक्षराला ठळकपणा नेहमीच मानवतो असं नाही.

अशा पाटीच्या एका नेहमीच्या तुकड्याला बाजारात ‘पी-टेन’ म्हणतात. आडवे ३२ दिवे, उभे १६, आणि दोन दिव्यांत १० मिलिमीटर अंतर. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातले दोन बिंदू वेगळे ओळखतो. त्या हिशेबाने साधारण ३४ मीटरवरून हे दिवे एकमेकांत मिसळतात आणि रेघ सलग दिसते. जवळ गेलं की पायऱ्या-पायऱ्यांचं अक्षर, लांबून गोलसर.

इंग्रजी मोठं अक्षर ५ बाय ७, म्हणजे ३५ ठिपक्यांत मावतं. १९८४च्या मॅकिंटॉश संगणकासाठी सुझन केअर यांनी ठिपका-ठिपका मांडून ‘शिकागो’ हे ठळक अक्षर घडवलं. त्या धाटणीची अक्षरं आता जाहिरातींत हौसेने वापरतात. देवनागरीला मात्र शिरोरेघ हवी, वर वेलांटी, खाली उकार. १६ ओळींतही दाटीवाटीच होते. त्यात रेघ दुप्पट जाड केली की ‘भ’च्या डोक्यावरची फट बुजते आणि त्याचा ‘म’ होतो. ‘ध’चा ‘घ’ होतो. दोष वाचणाऱ्याचा नसतोच.

कागदावरचं काळं अक्षर आपल्या जागी राहतं; पेटलेलं अक्षर डोळ्यात पसरतं. मोतीबिंदूत भिंग गढूळ झालेलं असल्याने उजेड आणखी विखुरतो, प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसतं आणि अक्षरांतल्या मोकळ्या जागा भरून जातात. अशा डोळ्यांसाठी बेताच्या जाडीचं, मोकळं, कमी प्रखर आणि मुख्य म्हणजे न सरकणारं अक्षर बरं.

घरी एक गोष्ट करून पाहता येते. जाड पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून, एकेका डोळ्याने त्यातून पाटीकडे पाहावं. अक्षर स्पष्ट झालं तर बहुधा चष्म्याच्या नंबराचा प्रश्न आहे. फरक पडला नाही तर मोतीबिंदू किंवा पडद्याचा विकार असू शकतो, आणि मधुमेह असलेल्यांनी तर तपासणी लांबवूच नये. मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबायचं, हा समज जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला. आता रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करता येते, आणि सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते. रहिमतपूरकरांना त्यासाठी साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय जवळ आहे.